संशोधनाच्या दप्तराची राखण

शेतकरी बियाणे राखतो, ते सगळे एकाच कणगीत भरून ठेवत नाही. एका कणगीला कीड लागली किंवा छपरातून पाणी गळले, तर दुसरीतल्या बियाण्यावर पेरणी व्हावी, हा त्यामागचा हिशेब. आणि तो आणखी एक गोष्ट करतो. पेरणीच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि त्यांतले किती उगवले ते पाहतो. बी घरात आहे एवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. ते उगवते का, हे त्याला कळावे लागते. संगणकावर केलेल्या संशोधनाची राखण कशी करावी, ते दप्तर बिघडले तर काय करावे, याचा विचार करताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवायच्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, आम्हा खेड्यातल्या माणसांचा संशोधनाशी काय संबंध? अहो, पुष्कळ आहे. गावातल्या विहिरींची पाणीपातळी पाच-सहा वर्षे नोंदवणे हे संशोधनच. चौथीच्या मुलांना वाचताना कोणती जोडाक्षरे अडतात याची नोंद ठेवणे हे संशोधनच. एम. एड. किंवा पीएच. डी. च्या निमित्ताने कितीतरी शिक्षक बंधुभगिनी आपल्या भागातली बोली, जुनी शेतीची अवजारे, देवराया यांची माहिती गोळा करीत असतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ज्यांच्या ओठांवर होत्या त्या बाया-बापड्या खेड्यातल्याच. ते धन आज संगणकावर आहे आणि २०१७ पासून ते 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांपुढे येत आहे.

अशा कामाची गोष्ट अशी आहे, की ते गेले तर पुन्हा करता येत नाही. निबंध हरवला तर पुन्हा लिहिता येईल. पण ऐंशी वर्षांच्या आजींनी सांगितलेल्या ओव्या, त्यांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण, २०१८ च्या मे महिन्यात विहिरीला किती हात पाणी होते ती नोंद, हे पुन्हा कोठून आणणार? आजी गेल्या आणि तो मे महिनाही गेला. म्हणून दप्तर राखायचे, ते संगणकाच्या कौतुकासाठी नाही. ज्यांनी आपला वेळ देऊन आपल्याला माहिती दिली त्यांच्या विश्वासासाठी.

आपल्या पूर्वजांना या गोष्टीची जाण होती. शके १५०६, म्हणजे सन १५८४ मध्ये एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. नकला होता होता पोथीत चुका शिरल्या होत्या, त्या त्यांनी काढल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतली १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. हे काम शक्य झाले ते एका कारणाने. प्रती अनेक होत्या, वेगवेगळ्या ठिकाणी होत्या आणि वेगवेगळ्या काळच्या होत्या. एका प्रतीत बिघडलेला पाठ दुसरीवरून सुधारता आला. एकच पोथी असती आणि तिला वाळवी लागली असती, तर मोठ्यातल्या मोठ्या पंडिताचाही इलाज चालला नसता.

आता संगणकाकडे वळू. संशोधनाचे सॉफ्टवेअर आपले काम ज्या फाइलमध्ये ठेवते तिला प्रकल्प-फाइल म्हणतात. आपण तिला दप्तर म्हणू. ओळखीची दोन उदाहरणे घेऊ, दोन्ही फुकट मिळणारी. 'झोटेरो' हे संदर्भग्रंथ आणि टिपणे सांभाळणारे सॉफ्टवेअर. ते २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात निघाले. दुसरे 'क्यूजीआयएस', नकाशे करण्याचे. गावचे ओढे, विहिरी, वाड्या नकाशावर मांडायच्या तर ते फार उपयोगी.

झोटेरोचे दप्तर म्हणजे दुकानदाराच्या खतावणीसारखे. प्रत्येक ग्रंथाचे पान निराळे, आणि कोणते पान कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिकाही त्याच फाइलीत. तुम्ही एक टिपण लिहिले की चार-पाच ठिकाणी नोंद बदलावी लागते. दोन ठिकाणी बदलली आणि वीज गेली, तर खतावणी जुळत नाही. कर्त्या लोकांनी यावर उपाय करून ठेवला आहे. सॉफ्टवेअर आधी जुन्या पानाची नक्कल एका बाजूच्या फाइलीत उतरवून घेते, मग नवे लिहिते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी उघडताना त्या नकलेवरून जुने पान परत जागेवर बसवते. या बाजूच्या फाइलीच्या नावाच्या टोकाला 'जर्नल' असा शब्द असतो, म्हणजे आपली रोजकीर्दच म्हणा ना. कधी मुख्य फाइलीशेजारी अशी फाइल दिसली, तर तिला कचरा समजून पुसू नका आणि मुख्य फाइलीपासून तिची ताटातूटही करू नका. दुरुस्तीची किल्ली तिच्यातच असते.

क्यूजीआयएसची तऱ्हा वेगळी. त्याच्या दप्तरात नकाशा कसा दिसावा याच्या सूचना असतात. विहिरींची खरी माहिती बहुधा दुसऱ्याच फाइलींत असते. लग्नाच्या यादीत आचाऱ्याचे नाव असते, पण आचारी काही त्या कागदात बसलेला नसतो! तेव्हा नुसती प्रकल्प-फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि बाकीचे फोल्डर घरी राहिले, तर शाळेत नकाशा कोराच उघडेल. नकाशाची माहिती पुष्कळदा 'शेपफाइल' या प्रकारात असते. नाव एक, पण ती किमान तीन फाइलींची मिळून बनते: एकीत आकार, दुसरीत आकारांची सूची, तिसरीत नावे आणि आकडे. सूचीची फाइल हरवली तर ती पुन्हा बनवता येते. नावांची फाइल हरवली तर नुसते ठिपके उरतात, कोणती विहीर कोणाची ते कळत नाही. म्हणून नियम लक्षात ठेवा: फाइल उचलायची नाही, अख्खे फोल्डर उचलायचे.

दप्तर बिघडते कशाने? वीज जाणे हे एक. सॉफ्टवेअर चालू असताना पेनड्राइव्ह हिसकून काढणे हे दुसरे. डिस्क काठोकाठ भरणे हे तिसरे, कारण लिहायला जागाच उरत नाही. जुनी झालेली डिस्क किंवा हलक्या प्रतीचा पेनड्राइव्ह हे चौथे. आणि पाचवे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. झोटेरोचे चालू दप्तर ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्ससारख्या आपोआप जुळवणी करणाऱ्या फोल्डरात ठेवणे. एकीकडे सॉफ्टवेअर लिहिते आहे आणि दुसरीकडे जुळवणी करणारा कार्यक्रम अर्धवट लिहिलेलीच फाइल उचलून नेतो आहे, अशी ओढाताण होते. झोटेरोचे कर्ते स्वतःच हे करू नका असे सांगतात.

पण थांबा. बिघडलेले दिसणारे प्रत्येक दप्तर बिघडलेले नसते. मराठीत काम करणाऱ्यांना हे विशेष सांगायला हवे. जुनी फाइल उघडली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर बहुधा ती 'शिवाजी'सारख्या जुन्या पद्धतीच्या टंकात लिहिलेली असते आणि तो टंक या संगणकावर नसतो. टंक बसवा, मजकूर जागच्या जागी दिसेल. तसेच साध्या तक्त्याची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीऐवजी चित्रविचित्र चिन्हे दिसतात. माहिती शाबूत असते. एक्सेलने लिपीचा संकेत चुकीचा धरलेला असतो. अशा वेळी काहीही सेव्ह न करता बाहेर या, आणि आयात करण्याच्या मार्गाने, लिपीसंकेत 'यूटीएफ-८' निवडून, ती फाइल आत घ्या. पेनड्राइव्हवरची सगळी फोल्डरे नाहीशी होऊन नुसते शॉर्टकट उरले, तर तो एका जातीच्या व्हायरसचा खेळ असतो. शॉर्टकटवर टिचकी मारू नका. लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू केली की बहुधा सगळे दिसते. आणि नव्या आवृत्तीत केलेले काम शाळेतल्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही, हा तर रोजचा अनुभव. तोही बिघाड नव्हे.

खरोखरच बिघडले असेल तर? पहिली गोष्ट, घाबरून पुन्हा पुन्हा उघडू नका आणि सेव्ह तर मुळीच करू नका. माणूस घसरून पडला तर आपण त्याला गदागदा हलवीत नाही. हाड मोडले असेल तर आणखी इजा होईल. तसेच हे. सॉफ्टवेअर बंद करा. बिघडलेल्या दप्तराचे संपूर्ण फोल्डर, त्या रोजकीर्दीसह, दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवा आणि त्याला 'बिघडलेले' असे नाव व तारीख घाला. यापुढचे सगळे प्रयोग या प्रतीच्याही प्रतीवर करायचे. एखादा उपाय उलटला तर निदान आज होते तेवढे तरी हाती राहते.

दुसरी गोष्ट, सॉफ्टवेअरने स्वतः राखलेली प्रत शोधा. झोटेरो आपल्या फोल्डरात अधूनमधून एक राखीव प्रत ठेवते. तिच्या नावाच्या टोकाला 'बॅक' असते. क्यूजीआयएस आधीच्या खेपेची फाइल नावापुढे नागमोडी रेघ देऊन ठेवते. अशी प्रत चार दिवसांपूर्वीची निघाली, तर चार दिवसांचे काम गेले, चार वर्षांचे नाही.

तिसरी गोष्ट, फाइलीची जात ओळखा. क्यूजीआयएसची नवी प्रकल्प-फाइल, वर्डची, एक्सेलची, लिब्रेऑफिसची फाइल, या सगळ्या आतून झिपची गाठोडी असतात. प्रतीच्या नावाच्या टोकाला 'झिप' लिहा आणि गाठोडे सोडून पाहा. बाहेरचे कापड फाटले असले तरी आतला मजकूर पुष्कळदा सापडतो. झोटेरोची फाइल मात्र 'एसक्यूलाइट' जातीची. या जातीच्या फाइली तपासण्याचे एक छोटे फुकट साधन मिळते. त्यात एक हुकूम आहे, तो खतावणी जुळते की नाही ते सांगतो. आणि 'रिकव्हर' नावाचा दुसरा, तो फाटक्या वहीतून वाचता येतील तेवढ्या ओळी नव्या वहीत उतरवतो. झोटेरोच्या कर्त्यांनी आपल्या संकेतस्थळावर दुरुस्तीची सोयही केली आहे. तिथे फाइल पाठवता येते.

चौथी गोष्ट, फाइल पुसली गेली असेल तर त्या डिस्कवर आणखी काही लिहू नका. पुसणे म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेतले नाव खोडणे. पान तिथेच असते, ते त्यावर नवे लिहिले जाईपर्यंत. ध्वनिमुद्रणाच्या किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावरून अशा फाइली 'फोटोरेक' या फुकट साधनाने परत मिळवता येतात. मात्र मिळालेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या, त्याच कार्डावर नाही. हल्लीच्या एसएसडी जातीच्या डिस्कवर ही आशा फार धरू नका. ती डिस्क पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकते.

आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. फाइलीचा आकार शून्य दाखवत असेल, किंवा आत नुसती शून्येच भरली असतील, तर कोणतेही साधन काही करू शकत नाही. जे लिहिलेच नाही ते वाचणार कोण? दुरुस्तीची विद्या इथे संपते आणि राखीव प्रतीचे काम सुरू होते.

राखीव प्रती कशा ठेवाव्यात? पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला एक सोपा नियम आहे: तीन-दोन-एक. प्रती तीन असाव्यात; त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात; आणि एक दुसऱ्या गावी, निदान दुसऱ्या घरी असावी. शिक्षकांच्या सोयीने सांगायचे तर, एक चालू प्रत घरच्या संगणकावर, दुसरी कपाटात ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवर, तिसरी ऑनलाइन किंवा दुसऱ्या गावच्या भावाकडे. कपाटातली डिस्क प्रत घेण्यापुरतीच जोडायची. कायम जोडलेली ठेवली, तर विजेचा झटका किंवा फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस दोन्ही प्रती एकदमच घेऊन जाईल.

प्रत घेताना सॉफ्टवेअर आधी बंद करा. फोल्डराच्या नावापुढे तारीख घाला. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. आणि नवी प्रत जुनीवर चढवू नका. बिघाड कधी कधी महिनाभर कळतच नाही. आपण मात्र रोज मोठ्या निष्ठेने बिघडलेल्याच दप्तराची नक्कल करीत असतो! म्हणून आठवड्याची एक प्रत महिनाभर ठेवा, महिन्याची एक प्रत वर्षभर ठेवा, आणि वर्षाची एक कायमची.

इथे एक गैरसमज दूर करू. ड्राइव्हवर फाइल आहे म्हणजे राखीव प्रत आहे, असे पुष्कळांना वाटते. ती आरशासारखी असते. तुम्ही इकडे फाइल पुसली की आरशातलीही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग नाहीशी होते. उन्हाळ्याच्या सुटीत कोणी पुसली आणि शाळा उघडल्यावर लक्षात आले, तर मुदत टळून गेलेली असते.

आणखी एक काळजी. वर्षातून दोनदा तरी सगळी माहिती साध्या रूपात बाहेर काढून ठेवा: तक्ते सीएसव्हीत, टिपणे साध्या मजकुरात. आजचे सॉफ्टवेअर वीस वर्षांनी असेलच असे नाही. साधा मजकूर कोणत्याही संगणकावर उघडेल, आणि महत्त्वाची पाने कागदावर छापून ठेवली तर विजेचीही गरज नाही.

एवढे केले म्हणजे झाले का? नाही. ओल्या गोणपाटाची गोष्ट राहिलीच. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या प्रसिद्ध कंपनीत, जिथे जगभरचे लोक आपली सॉफ्टवेअरची कामे ठेवतात, एका कर्मचाऱ्याने रात्री चुकीच्या यंत्रावरची माहिती पुसली. चूक ध्यानात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. कंपनीकडे राखीव प्रतींच्या एक नव्हे, पाच तऱ्हा होत्या. त्या रात्री त्यांतली एकही धड कामी आली नाही. रोजची नक्कल किती तरी दिवस होतच नव्हती, आणि तसे कळवणाऱ्या टपालाच्या सूचना वाटेतच नाकारल्या जात होत्या. वाचवले ते एका योगायोगाने: कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने एक प्रत घेतली होती.

जपानमधल्या क्योतो विद्यापीठात तर याहून विपरीत घडले. १४ ते १६ डिसेंबर २०२१ या तीन दिवसांत तिथल्या महासंगणकावरच्या सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, म्हणजे ७७ टेराबाइट माहिती, नाहीशी झाली. संशोधकांच्या १४ गटांना याची झळ लागली, आणि त्यांतल्या ४ गटांची माहिती परत मिळण्याजोगी नव्हती. आणि हे केले कोणी? राखीव प्रती घेण्यासाठी बसवलेल्या कार्यक्रमानेच! तो चालू असतानाच त्यात दुरुस्ती केली गेली आणि त्याने जुन्या नोंदी पुसण्याऐवजी भलतेच पुसले. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते असे.

मोठमोठ्या विद्यापीठांची ही गत, मग आपण काय करणार, असे म्हणू नका. आपले काम लहान आहे, म्हणूनच तपासणे सोपे आहे. महिन्यातला एक दिवस ठरवा. पहिला शनिवार म्हणा. राखीव प्रत घ्या, ती दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि उघडा. तीन गोष्टी पाहा. एकूण नोंदी किती आहेत. सर्वांत जुनी नोंद उघडते का. सर्वांत नवी नोंद त्यात आली आहे का. ध्वनिमुद्रणे असतील तर त्यांतले कोणतेही एक शेवटपर्यंत ऐका. नोंदींचा आकडा आणि तारीख एका वहीत लिहा. पुढच्या महिन्यात आकडा विनाकारण कमी झाला, तर काहीतरी चुकते आहे हे तेव्हाच कळेल. या सगळ्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

शाळेत किंवा मंडळात चार जण मिळून काम करीत असाल, तर हे काम कोणाकडे ते नावानिशी ठरवा. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही, हे आपल्याला ग्रामपंचायतीपासून ठाऊक आहे. विद्यार्थ्यांकडूनही ही तपासणी करवून घ्या. शास्त्रीय शिस्तीचा तो एक चांगला धडा होईल. आणि आजपर्यंत तुम्ही राखीव प्रत परत उघडून पाहिली नसेल, तर पहिल्या शनिवारची वाट पाहू नका. तेवढे एक काम आजच्या आज करा.